जाण ठेवायची वही: पहिल्या सहा आठवड्यांसाठी

'कृतज्ञता' हा शब्द आभारप्रदर्शनाच्या भाषणात शोभतो. घरात तो कोणी वापरत नाही. घरात म्हणतात, "त्याला केल्याची जाण आहे," नाहीतर, "एवढं केलं, पण जाण नाही." हा शब्द जास्त नेमका आहे. जाण म्हणजे माहीत असणं: कोणी केलं, काय केलं, त्यापायी त्याला काय पडलं, म्हणजे किती झीज सोसावी लागली. एवढी माहिती नसेल, तर मन कितीही भरून आलं तरी दोन मिनिटांत ओसरतं. या वहीत म्हणूनच माहिती जमवायची आहे. मन प्रसन्न झालंच तर ते मागाहून होतं, आणि रोज होतंच असं नाही.

खाली सहा आठवड्यांचा क्रम दिला आहे. एका बैठकीला दहा मिनिटं पुरतात. वीस लागत असतील तर तुम्ही निबंध लिहिताय.

वही, पेन, वेळ

शंभर पानी, रेघांची साधी वही घ्या. कापडी बांधणीची, सोनेरी कडांची नको. तशा वहीत माणूस सुंदर वाक्यं लिहायला जातो आणि खरं ते बाजूला राहतं. तारखा छापलेली डायरी तर नकोच. तीन पानं कोरी गेली की ती वाकुल्या दाखवायला लागते आणि चौथ्या दिवशी कपाटात जाते. तारीख हाताने टाका. पेन वहीला दोऱ्याने बांधा, बँकेत बांधतात तसं. पेन शोधायला उठलेला माणूस परत येऊन बसत नाही.

मोबाइलवर लिहिलं तर चालतं का? चालतं, पण लिहायला घेतला मोबाइल आणि बघत बसलो स्टेटस, हे दुसऱ्याच दिवशी होतं. ज्यांना लिहिताना हात दुखतो किंवा दिसायला त्रास होतो त्यांनी आवाज रेकॉर्ड करावा, एका नोंदीला एक मिनिट.

वेळ घड्याळावर ठरवू नका, एखाद्या कामाला जोडा. 'रात्री साडेनऊला' हे पाहुणे आले की मोडतं. 'दुधाला विरजण लावलं की वही' हे मोडत नाही, कारण विरजण रोज लागतं. वसतिगृहात राहणाऱ्यांनी 'फोन चार्जिंगला लावला की' असं ठरवावं, पाळीच्या नोकरीत असाल तर 'डबा घासून ठेवला की'. अंथरुणात पडून लिहू नका. झोप जिंकते.

वही उघडली की डावं पान आणि उजवं पान वेगळं वापरायचं. डाव्या पानावर मला काय मिळालं. उजव्या पानावर मी काय करणार. उजवं पान पहिले तीन आठवडे कोरं राहील, राहू द्या.

पहिला आठवडा: रोज तीन नोंदी

तीन हा आकडा उगाच नाही. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्या प्रत्येकीचं कारण लिहायला सांगितलं होतं. त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला. ज्यांनी आठवडा संपल्यावर स्वतःहून लिहिणं चालू ठेवलं, त्यांच्यात तो जास्त टिकला. यातलं 'कारण' लोक गाळतात आणि मग म्हणतात की आम्हाला काही फरक पडला नाही.

नोंद चार भागांची: काय झालं, कोणी केलं, त्यांना त्यासाठी काय पडलं, मला काय मिळालं.

कच्ची नोंद अशी असते: "घरच्यांची साथ आहे, हे माझं भाग्य."

पक्की नोंद: "सव्वापाचला पाणी आलं. सासूबाईंनी उठून पिंप आणि दोन्ही कळश्या भरल्या. त्यांचे गुडघे दुखतात, तरी मला हाक मारली नाही. मी पावणेसातपर्यंत झोपले."

पहिलं वाक्य कुठल्याही दिवशी, कोणीही लिहू शकतं. दुसरं फक्त त्या घरात, त्या सकाळीच लिहिता आलं असतं. चार छोटी वाक्यं, एक वेळ, एक वस्तू, एक दुखणारा गुडघा. 'भाग्य', 'आशीर्वाद', 'सकारात्मक' असे शब्द पानावर आले की समजा, पाहणं थांबलं आणि भाषण सुरू झालं.

अडचण येते ती तिसऱ्या भागाची. त्यांना काय पडलं? बहुतेक वेळा ठाऊकच नसतं. वॉचमन काकांनी पावसात पार्सल घेऊन ठेवलं, पण त्यासाठी गेट सोडून किती लांब जावं लागलं? तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि दुसऱ्या दिवशी विचारा. ही प्रश्नचिन्हं म्हणजे वहीतला सर्वांत कामाचा भाग. विचारायला गेलं की बोलणं निघतं, आणि आपण तीन वर्षं ज्यांना नुसती मान हलवतोय ते मूळचे कुठले, हे पहिल्यांदा कळतं.

पाऊस, झाडाची सावली, वेळेवर आलेली एसटी हेही लिहा, पण तिनातली एकच नोंद अशी असू द्या. पाऊस कोणाला उत्तर देत नाही, म्हणून त्याच्याविषयी लिहिणं सोपं असतं आणि सोपं तेवढंच लिहिलं जातं.

सात दिवस झाले की मागे वळून पाहा. 'आई', 'तब्येत', 'नोकरी' हे तीन शब्द वारंवार आले असतील तर पुढच्या आठवड्यात त्यांना बंदी. आईबद्दल लिहायचंच असेल तर तिच्या एका कृतीबद्दल लिहा, आईपणाबद्दल नको.

दुसरा आठवडा: एका कपाचा माग

या आठवड्यात रोजच्या तीन नोंदींऐवजी एकच वस्तू घ्यायची आणि ती आपल्यापर्यंत कशी आली, याचा माग काढायचा. सकाळचा चहा घेऊ. चार जिन्नस आणि गॅस, एवढंच त्यात असतं.

दूध. गोठ्यात पहाटे आणि संध्याकाळी, दोनदा धार काढावी लागते. गाईला रविवार नसतो, म्हणून माणसालाही नसतो. दूध गावच्या संकलन केंद्रावर जातं, तिथे फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजतात. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या प्रमाणावर ठरतो, त्याखाली आलं की पैसे कापले जातात. मग ते साधारण चार अंशांपर्यंत थंड करून टँकरने निघतं, पिशव्या भरल्या जातात, आणि आपण झोपेत असताना कोणीतरी क्रेट उतरवतो. पिशवी दाराच्या कडीला अडकवणारा मुलगा हा त्या साखळीतला आपल्याला दिसणारा एकटाच माणूस.

साखर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गळीत हंगाम लागला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कुटुंबंच्या कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडाजवळ कोपी घालून राहतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. त्याच एककावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठरते. दोन चमचे साखरेमागे हा शब्द आहे, हे एकदा लिहून काढलं की वहीचा सूर बदलतो.

चहापत्ती बहुतेक घरांत आसामची, दाणेदार. बागेत हाताने खुडतात ती दोन पानं आणि एक कळी. आलं साताऱ्याकडचं असू शकतं. गॅसचं सिलिंडर जिन्यावरून खांद्यावर चढवलं गेलं, आणि ते कोणत्या तारखेला लागलं ही तारीख तुमच्याच दिनदर्शिकेवर, 'दूध नाही' आणि 'बाई आल्या नाहीत' यांच्या शेजारी लिहिलेली सापडेल. मराठी घरातली ही भिंतीवरची चौकट म्हणजे अर्धी वहीच असते. फक्त तिच्यात जे आलं नाही त्याचीच नोंद होते.

असा माग काढताना राग येऊ शकतो. येऊ द्या. ऊसतोडीचं जिणं वाचून नुसतं 'मी किती नशीबवान' एवढंच मनात आलं तर ती जाण नव्हे, ती सुटका आहे. जाण ठेवणाऱ्याला अन्याय दिसायलाच हवा.

सात दिवसांसाठी सात वस्तू आधी ठरवून ठेवा: चहा, अंगातला शर्ट, नळाचं पाणी, भाकरी, कचऱ्याची गाडी, औषधाची गोळी, खोलीतला दिवा. आपल्याला ठाऊक नसलेल्या कडीपाशी प्रश्नचिन्ह. सर्व शोधून पूर्ण करायचा हट्ट नको.

तिसरा आणि चौथा आठवडा: रोज नको

आता नवखे लोक एक ठरावीक चूक करतात. पंधरा दिवस छान गेले म्हणून रोजचा नेम करतात, आणि महिन्याभरात नोंदींची आरती होते. तोंड चालू, मन भलतीकडे. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तसा झाला नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा २००३ सालचा अभ्यास, जिथून या विषयाची चर्चा वाढली, त्याच्या पहिल्या भागातही लोक आठवड्यातून एकदाच, पाचपर्यंत गोष्टी लिहीत होते. तेव्हा तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवस ठरवा. रविवारी दुपारी झोप येते; शनिवार संध्याकाळ बरी. पाच नोंदी, चारही भागांसह. मधल्या दिवसांत काही जाणवलं तर दिनदर्शिकेच्या चौकटीत दोन शब्द टिपून ठेवा: 'कंडक्टर—सुटे', 'शेजारच्या काकू—चावी'. शनिवारी त्यांवरून आठवतं.

चौथ्या आठवड्यात एकदा वजाबाकी करा. मिंक्युंग कू, टिमोथी विल्सन, डॅनियल गिल्बर्ट आणि सारा अल्गो यांच्या २००८ सालच्या संशोधनाचा मुद्दा असा: चांगली गोष्ट कशी घडली हे लिहिण्यापेक्षा ती कशी सहज घडली नसती हे लिहिलं, तर मन जास्त वर येतं. सवयीचं होऊन बसलेलं असं एखादं माणूस किंवा वस्तू घ्या आणि पंधरा मिनिटांत लिहा, कुठली गोष्ट वेगळी झाली असती तर हे माझ्या वाट्याला आलंच नसतं. त्या वर्षी बदली रद्द झाली नसती तर? त्या लग्नाला गेलोच नसतो तर? नळाला पाणी न येण्याच्या दिवशी बादलीचं मोल कळतं, तसंच हे, फक्त टाकी रिकामी न करता. ज्यांचं मन मुळातच काळजी करत बसतं त्यांनी हा भाग सोडून द्यावा. त्यांची वजाबाकी फुकटात चोवीस तास चालू असते.

उजवं पान

टॉड थ्रॅश आणि अँड्र्यू एलियट या अभ्यासकांनी प्रेरणेची दोन टोकं वेगळी केली: कशामुळे प्रेरणा झाली, आणि कशासाठी. पहिलं टोक सगळ्यांना भरपूर मिळतं. सकाळी उठून मोबाइल उघडला की दहा सुविचार आणि एक उगवता सूर्य हजर. दुसरं टोक रिकामं असतं, म्हणून ते सुविचार दुपारपर्यंत आठवतही नाहीत.

उजव्या पानाचा नियम: चांगलं काम करणारं एक माणूस पाहा, त्याची एक चाल टिपा, आणि ती आपल्या कुठल्या कामात येईल ते एका ओळीत लिहा. मोठी माणसं नकोत. त्यांचं काम आपल्याला दिसत नाही, त्यांची कीर्ती दिसते.

गोव्यात बाजारात अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विणणाऱ्या बायका पाहा. दोरा नसतो, केळीचा सोप, म्हणजे खोडाचा धागा असतो, तोही ओला करून घेतलेला, म्हणून नाजूक देठ कापले जात नाहीत आणि फुलं ताजी राहतात. हात थांबत नाही, तरी फुलाला चिमटा बसत नाही. यातली चाल कोणती? 'मेहनती आहेत' ही चाल नव्हे. 'काम सुरू करण्याआधी सामान भिजवून मऊ करून ठेवतात' ही चाल. उजव्या पानावर: "सोमवारची बैठक. ज्यांचा विरोध आहे त्यांच्याशी आदल्या दिवशी बोलून घेणे."

किंवा इस्त्रीवाले काका. शर्टाची आधी कॉलर, मग बाह्या, अंग शेवटी. कारण अंग आधी केलं तर बाही करताना ते पुन्हा चुरगळतं. उजव्या पानावर: "आधी किचकट तुकडा. अहवालातले तक्ते सकाळी, मजकूर नंतर."

उजव्या पानावरचं काम दोन दिवसांच्या आत करता येईल आणि वीस मिनिटांत संपेल असं हवं. 'व्यायाम सुरू करणे' हे तिथे लिहू नका, ते संकल्पांच्या स्मशानात जातं. केलं की बरोबरची खूण. लागोपाठ तीन खुणा नाहीत, तर तुम्ही फार मोठं लिहिताय.

पाचवा आणि सहावा आठवडा: सांगायचं कसं

मराठीत हेच जड जातं. घरातल्या माणसाला 'धन्यवाद' म्हटलं की ते विचारतात, "बरं आहे ना?" जवळच्याचे आभार मानणं म्हणजे त्याला परकं करणं, असा आपला जुना समज, आणि तो अगदी चुकीचा नाही. आपली रीत कृतीची आहे. शेजारून आलेला डबा रिकामा परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते: बैलाच्या खांद्याला, जिथे वर्षभर जू बसलं बरोबर तिथे, हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात. शिंगांचा रंग आणि झूल दुसऱ्या दिवशी. आधी जिथे ओझं पडलं ती जागा.

सांगताना हाच धडा घ्या. त्या माणसाचा खांदा कुठला, ते वहीतल्या तिसऱ्या भागात लिहिलेलं आहेच. "तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी" हे झुलीसारखं. "मावशी, माझी परीक्षा होती त्या महिन्यात तुम्ही रोज अर्धा तास लवकर यायचात. तुमची पहिली बस तेव्हा अंधारातच असायची, हे मला आत्ता कळलं. मी तेव्हा पास झाले त्यात तो अर्धा तास आहे," हे खांद्यापाशी पोचतं. चार वाक्यं पुरे. समोर बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहा, व्हॉइस नोट पाठवा. पत्र लिहून स्वतः जाऊन वाचून दाखवणं ही सेलिगमन यांच्या त्याच प्रयोगातली एक कृती होती. तिचा परिणाम सर्वांत मोठा आला, पण महिन्याभराच्या पुढे फारसा टिकला नाही. एकदाच करून भागत नाही.

संकोच होतो, तो सगळ्यांनाच होतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली दाखवलं की पत्र लिहिणारे समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा अंदाज फुगवून बांधतात आणि त्याला किती आनंद होईल याचा कमी. शब्द बरोबर आहेत का, ही चिंता लिहिणाऱ्यालाच असते.

दोन पथ्यं. त्याच निरोपात काम सांगू नका, "तुमचे उपकार आहेतच, आणि जाता जाता..." म्हटलं की आधीचं सगळं पुसलं गेलं. आणि जिथे माणूस आपल्याकडे पगारावर आहे तिथे शब्दांच्या आधी व्यवहार नीट हवा: पैसे ठरल्या तारखेला, आठवड्याची सुट्टी, आजारपणात खाडा न कापणं. हे न करता दिलेली चिठ्ठी म्हणजे थट्टा.

कुठे बिघडतं

जाण आणि ओझं यांत गल्लत होते. नोंद लिहिताना छातीत उबदार वाटण्याऐवजी 'आता फेडायचं कसं' असं दडपण येत असेल, तर ती नोंद उपकाराच्या ओझ्याची आहे. विशेषतः जे माणूस केलेलं वारंवार ऐकवतं, त्याच्याबद्दल जबरदस्तीने लिहू नका. घरात मारहाण, अपमान होत असेल तर 'तरी जेवायला घालतात' असं लिहून तो त्रास झाकायला ही वही वापरू नका. तिथे मदत मागायची असते.

दुसऱ्याच्या दुःखावर आपलं सुख मोजण्याची खोड मोडा. "त्यांच्यापेक्षा आपलं बरं" ही तुलना झाली. मुलांना तर हे कधीच ऐकवू नका. ताटात भाजी टाकली म्हणून उपाशी मुलांची गोष्ट सांगितली की मूल भाजी खात नाही, फक्त शरमतं. मुलांसाठी जेवताना दोन प्रश्न पुरतात: आज तुला कोणी मदत केली, आणि तू कोणाला केलीस? उत्तर नसेल तर ताणू नका. मोठ्यांनी आपलं उत्तर आधी द्यावं.

खाडे पडले तर भरून काढू नका. गेल्या मंगळवारचं शुक्रवारी लिहिलेलं खोटंच असतं. घरात दुखवटा असेल तर वही खुशाल बंद ठेवा.

आणि या वहीची झेप मर्यादित आहे. परिणाम होतो तो बेताचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ते कृतघ्नपणाचं लक्षण नाही, आजार असू शकतो, आणि त्याला डॉक्टर लागतो. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलते.

वही भरल्यावर

सहा आठवड्यांत वही भरणार नाही. आठवड्याला एक बैठक या वेगाने वर्षभर तरी पुरेल. भरली की रद्दीत घालण्याआधी एक काम करा. खंडेनवमीला घरातली अवजारं पुसून पुजेला मांडतात, तो दिवस याला सोयीचा आहे. डाव्या पानांवरून बोट फिरवत नावं मोजा. दहा-बारा नावं पुन्हा पुन्हा येतील. ज्यांचं नाव पाचाहून अधिक वेळा आलं आणि ज्यांना तुम्ही अजून एक अक्षर बोललेला नाही, अशांची यादी नव्या वहीच्या पहिल्या उजव्या पानावर उतरवा, नावापुढे फोन नंबर. उरलेली प्रश्नचिन्हं त्याच्या खाली.